कंसात नाव कुणाचं लिहायचं?

बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका संशोधक ताईंचं पत्र आलं आहे. १९७२च्या दुष्काळाच्या बायकांच्या आठवणी हा त्यांच्या पीएचडीचा विषय. खडी फोडायला गेलेल्या बायकांच्या मुलाखती, कामावर म्हटलेल्या ओव्या, त्या काळची वर्तमानपत्रं, सरकारी अहवाल आणि निजामाच्या राजवटीतल्या आधीच्या दुष्काळांचे कागद अशी त्यांची सामग्री आहे. प्रबंधात तळटीपांऐवजी लेखक–वर्ष पद्धत वापरायची, म्हणजे मजकुरातच कंसात लेखकाचं नाव आणि वर्ष द्यायचं, असं त्यांच्या विभागानं ठरवून दिलं आहे. त्या लिहितात, "पुस्तकांचं जमलं. पण निम्मी सामग्री कंसात बसतच नाही. ओवीला लेखक नाही. एका पुस्तिकेची झेरॉक्स आहे, तिला मुखपृष्ठ नाही, वर्ष नाही. जुन्या अहवालावर फसली सन आहे, आणि तो अहवाल मी पाहिलेलाच नाही, दुसऱ्याच्या पुस्तकात वाचलाय. सर म्हणतात, ओवीपुढे 'अज्ञात, १९७२' टाका, पुस्तिकेला १९७३ द्या, अहवाल थेट मूळ नावानं द्या, एवढं कोण तपासतं? मला पटत नाही, पण सरांना नाही म्हणायची हिंमत होत नाही. मुलाखत दिलेल्या बायकांत माझी सख्खी आत्या आहे, तिचं काय करू तेही कळत नाही. मी विषयच चुकीचा निवडला का?"

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. विषय चुकीचा नाही. लेखक–वर्ष पद्धतीची सुरुवात हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१च्या एका निबंधापासून झाली असं मानतात, आणि तो निबंध होता बागेतल्या गोगलगायीवर. जिथं प्रत्येक लेखाला लेखक असतो, छापील वर्ष असतं आणि आधी कुणी शोधलं याला फार महत्त्व असतं, तिथल्या लोकांनी आपल्या सोयीनं ही रीत घातली. पुढे ती मानसशास्त्रात गेली, समाजशास्त्रात गेली आणि आपल्या विद्यापीठांपर्यंत आली. नालाबंडिंगच्या, म्हणजे नाल्याला बांध घालण्याच्या, कामावर म्हटलेली ओवी त्या लोकांच्या डोळ्यांपुढे कधीच नव्हती. नियम अपुरा पडला की आपल्याच सामग्रीत खोट काढायची सवय मराठवाड्यातल्या कितीतरी हुशार मुलामुलींना लागलेली मी पाहते, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. कंस म्हणजे तहसीलच्या अर्जासारखे दोन रकाने, नाव आणि वर्ष, आणि रिकामा रकाना राहिला तर अर्ज बाद. सरांच्याही मनात तेच असावं, म्हणूनच ते 'अज्ञात' आणि '१९७३' सुचवतात. खरं तर कंसाचं काम एवढंच आहे की, वाचकाला मागच्या संदर्भसूचीतल्या नेमक्या नोंदीपाशी नेऊन सोडायचं. त्यासाठी एकच गोष्ट कडक पाळावी लागते: कंसातला पहिला शब्द आणि सूचीतल्या नोंदीचा पहिला शब्द एकच हवा. तो शब्द माणसाचं नाव असेल, संस्थेचं असेल, वर्तमानपत्राचं असेल, लेखक नसेल तर शीर्षकातला पहिला शब्दही असेल. एपीएची (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची) नियमपुस्तिकासुद्धा लेखक नसताना शीर्षक पुढे आणायला सांगते आणि वर्ष नसेल तिथं 'वर्ष नाही' अशा अर्थाचं संक्षिप्त रूप लिहायला सांगते. तेव्हा 'वर्ष नाही' हे लिहिणं म्हणजे नियम मोडणं नव्हे, आणि त्यात कमीपणाही नाही.

आता ओवी. 'अज्ञात, १९७२' या दोन शब्दांत मला दोन गोष्टी खटकतात. आधी वर्षाचं बघू.

कंसातलं वर्ष साधनाचं असतं, घटनेचं नसतं. तुम्ही ती ओवी समजा २०२२ साली एका बाईंच्या ओसरीवर बसून मोबाइलवर रेकॉर्ड केली. कंसात १९७२ लिहिलंत तर वाचक समजणार की तुमच्याकडे १९७२ सालची लिहिलेली किंवा मुद्रित केलेली संहिता आहे. तशी ती नाही. तुमच्याकडे आहे ती पन्नास वर्षं मनात राहिलेली आणि त्या दिवशी ओठांवर आलेली ओवी. मधल्या काळात तिच्यात एखादी ओळ नवी आली असेल, दुष्काळात मिळालेल्या सुकडीचा किंवा मिलो ज्वारीचा उल्लेख असलेली ओळ नंतर कुणी जोडली असेल, किंवा उलट, जात्यावरची खूप जुनी ओवी त्या बायकांनी खडीच्या ढिगावर नेऊन म्हटली असेल. तुमचा विषयच आठवणींचा आहे. मग आठवण कुठल्या साली सांगितली गेली हे तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला महत्त्वाचं असणार? म्हणून कंसात ध्वनिमुद्रणाचं वर्ष लिहा आणि '१९७२च्या कामावर म्हटल्याचं त्या सांगतात' हे तुमच्या वाक्यात लिहा. दोन्ही वर्षं आपापल्या जागी राहतील.

'अज्ञात' हा शब्द मात्र मला जास्त टोचतो. ओवी कुणी रचली हे माहीत नाही, मान्य. पण ती तुम्हाला कुणी म्हणून दाखवली हे तर माहीत आहे. तिचं घर माहीत आहे, तिनं तुम्हाला गूळ-शेंगदाणे दिले तेही तुमच्या वहीत असेल. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या, तेव्हा ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव यांची नोंद ठेवली. त्यामुळेच आज माजलगावच्या बायकांनी म्हटलेल्या भीमाच्या ओव्या माजलगावच्या म्हणून ओळखता येतात. तुमच्या हातून त्याहून कमी होऊ नये.

तर सूचीतली नोंद अशी करा: गाणारीचं नाव, ध्वनिमुद्रणाचं वर्ष, ओवीची पहिली ओळ (ओवीला शीर्षक नसतं, पहिली ओळच तिचं शीर्षक), मग चौकोनी कंसात 'ओवी, ध्वनिमुद्रण', त्यापुढे मुद्रण करणाऱ्याचं म्हणजे तुमचं नाव, गाव, तालुका, तारीख आणि तुमच्या फाइलचा क्रमांक. मजकुरात फक्त गाणारीचं नाव आणि वर्ष.

इथं एक व्यावहारिक अडचण येईल. छापील पुस्तकांच्या रिवाजानं आडनाव आधी घेतलंत तर अर्ध्या गावाचं आडनाव एकच निघेल, आणि तुमच्या प्रबंधात जाधव २०२२अ, ब, क, ड अशी रांग लागेल. शिवाय ज्या नावानं त्या बाईला गाव ओळखतं ते नाव मागं पडून सासरचं आडनाव पुढं येईल. माझं मत असं की, मौखिक साधनांसाठी पहिलं नाव आधी घ्यावं. आईसलँडच्या लोकांची नावं अकारविल्हे लावताना तिकडे पहिलंच नाव धरतात, कारण त्यांच्यात बहुतेकांना आडनावच नसतं. मग आपल्या बायकांसाठी का नको? फक्त हा निर्णय सगळ्या प्रबंधात एकसारखा पाळा आणि सुरुवातीला सांगून टाका. कसा सांगायचा ते पुढे येतंच.

नाव द्यायचं की नाही, हे मात्र तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही. तिला विचारा. पहिल्यांदा विचारलं की "माझं नाव कशाला बाई" असं बहुतेक जणी म्हणतील. तो नकार असेलच असं नाही, संकोचही असू शकतो. म्हणून काही दिवसांनी पुन्हा जाऊन, छापून येणारा मजकूर वाचून दाखवून विचारा.

ओव्यांचं असं, पण मुलाखतींचं वेगळं आहे. तुम्ही स्वतः घेतलेल्या मुलाखती ही तुमची सामग्री आहे, कुठून वाचलेला संदर्भ नव्हे. एपीएच्या पद्धतीत संशोधनात भाग घेतलेल्या माणसांची वाक्यं सूचीत जात नाहीत. ती सामग्री म्हणून अवतरणात येतात आणि ओळख झाकलेली असते. 'व्यक्तिगत संवाद' हा प्रकार वेगळा आहे: एखाद्या अभ्यासकानं तुम्हाला पत्रातून किंवा फोनवर काही सांगितलं, तर ते मजकुरात तारखेसह लिहायचं, सूचीत नाही. तुमच्या मुलाखतींना 'मु. १', 'मु. २' असे क्रमांक द्या आणि परिशिष्टात प्रत्येकीपुढे तालुका, अंदाजे वय, मुलाखतीचा महिना आणि भाषा लिहा. मुकादमानं मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, खोटे अंगठे घेतले, ही गोष्ट कुणी सांगितली असेल तर त्या मुकादमाचा नातू आज गावात मोठा माणूस असू शकतो. त्या बाईंना त्याच गावात राहायचं आहे.

आणि इथं एक फट राहते, ती आधीच बुजवा. ओवीसाठी एखादीचं नाव आणि गाव दिलंत आणि त्याच बाईंची मुलाखत 'मु. ७' म्हणून त्याच गावासह, त्याच तारखेसह दिलीत, तर दोन नोंदी शेजारी ठेवून कुणीही ओळखेल. लहान गावात वय आणि वाडी एवढ्यावरूनच माणूस कळतो. म्हणून मुलाखतींच्या यादीत गावाऐवजी तालुका आणि तारखेऐवजी महिना लिहिणं बरं.

आत्यांबद्दल तुम्ही संकोचानं लिहिलंय. त्यांची मुलाखत काढून टाकू नका आणि नातं लपवूही नका. संशोधनपद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य लिहा की, मुलाखत दिलेल्यांपैकी एक संशोधिकेची आत्या आहे. मजकुरात त्यांना बाकीच्यांसारखाच क्रमांक. अमुक क्रमांक त्यांचा हे मात्र सांगायची गरज नाही. फक्त त्यांची परवानगी अधिक जपून घ्या. त्या भाचीशी बोलल्या आहेत, विद्यापीठाशी नव्हे. भाचीला सांगितलेलं काही त्यांना छापायला नको असेल, तर ते एका वाक्यात बाजूला ठेवता येतं, प्रबंध काही अडत नाही.

आता ती झेरॉक्स. वर्ष नसलेल्या पुस्तिकेपुढे १९७३ घालायला सर का म्हणतात ते मी समजू शकते, मजकुरावरून तसं वाटत असेल. पण आधी थोडा शोध घेऊ या. तुमच्या झेरॉक्सला मुखपृष्ठ नाही, असं तुम्ही म्हणता. मग आतली पानं एकेक करून उजेडात बघा. ग्रंथालयं शिक्का फक्त पहिल्या पानावर मारत नाहीत. शेवटच्या पानावर मारतात आणि मधल्या एका ठरलेल्या पानावरही मारतात, पुस्तक फाडून नेलं तरी ओळख पटावी म्हणून. त्या शिक्क्यात वाचनालयाचं नाव असतं आणि हातानं लिहिलेला दाखल क्रमांक असतो. झेरॉक्समध्ये तो फिका आला असेल, पण आकडे वाचता येतात. तो क्रमांक घेऊन त्या वाचनालयात जा आणि दाखल नोंदवही काढायला सांगा. तिच्यात पुस्तक कधी आलं, लेखक, शीर्षक, प्रकाशक, प्रकाशनाचं वर्ष, किंमत असे रकाने असतात. वर्षाचा रकाना कोरा असला तरी दाखल तारीख मिळते, आणि पुस्तिका त्या तारखेच्या आधीची आहे हे तर पक्कं होतं. शेवटच्या पानाच्या तळाशी मुद्रकाची ओळ शोधा. पुष्कळदा वर्ष तिथंच लपलेलं असतं.

एवढं करून नेमकं वर्ष मिळालं तर उत्तम. दाखल तारीख १९७५ची निघाली आणि दुसरं काहीच हाती लागलं नाही, तर '[१९७५ किंवा आधी]' असं चौकोनी कंसात लिहा. मजकुरातल्या पुराव्यावरून १९७३ वाटत असेल तर '[अंदाजे १९७३]' लिहा आणि तसं का वाटतं हे खाली एका टीपेत सांगा. सरांचा आकडा चुकीचा असेल असं मी म्हणत नाही. तो कुठून आला हे वाचकाला दिसायला हवं, एवढंच. दोन वर्षांच्या फरकानं काय बिघडतं असं वाटेल, तर तुमच्याच विषयात बघा. १९७३च्या पावसानं तो दुष्काळ मोडला. पुस्तिका त्याआधीची असेल तर ती उपाशी माणसांची मागणी आहे. १९७५ची असेल तर ती रोजगार हमीचा कायदा व्हावा म्हणून केलेली मांडणी असू शकते. तो कायदा १९७७ साली मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. म्हणजे एका आकड्यावर तुमच्या अख्ख्या प्रकरणाचा अर्थ फिरतो.

वर्तमानपत्राच्या कात्रणांनाही हीच रीत लावा. बातमीला नाव नसेल तर लेखकाच्या जागी वर्तमानपत्राचं नाव घाला आणि पूर्ण तारीख द्या. तारीख कुणीतरी कात्रणावर पेननं लिहिलेली असेल तर तसं नमूद करा, कारण ती तारीख छापलेली नाही.

निजामी अहवालाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मराठवाड्यात काम करणाऱ्या प्रत्येकाला ही वाट कधी ना कधी लागते. हैदराबाद संस्थानाच्या कारभारात फसली सन, म्हणजे महसुलासाठीची वेगळी कालगणना, चाले. तिथलं फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. फसली आकड्यात ५९० मिळवले की ते वर्ष सुरू होतं तेव्हाचं इसवी सन मिळतं. फसली १३३० म्हणजे ऑक्टोबर १९२० ते ऑक्टोबर १९२१. एकच इसवी सन लिहून टाकलंत तर वर्षाचा काही भाग चुकतो, म्हणून 'फसली १३३० [१९२०–२१]' असं जोडीनं लिहा. कागदावर महिना असेल तर अजून नेमकं सांगता येईल: आजूर आणि दय हे महिने आधीच्या इसवी सनात पडतात, बहमनमध्ये इसवी सन बदलतं, पुढचे महिने नंतरच्या सनात. इंटरनेटवर फसलीचे तक्ते मिळतात, पण उत्तर हिंदुस्थानातला फसली आणि दख्खनचा फसली यांत सुमारे दोन वर्षांचा फरक आहे. तक्ता कुठला आहे ते बघितल्याशिवाय आकडा उतरवू नका. आणखी एक, अहवाल ज्या वर्षाचा असतो त्याच वर्षी छापला जातो असं नाही. कंसात छापल्याचं वर्ष येतं आणि फसली साल शीर्षकात राहतं. छापल्याचं वर्ष कुठंच नसेल तरच फसली साल कंसात आणा.

पण तुम्ही तर तो अहवाल पाहिलेलाच नाही. इथं सरांच्या सल्ल्याशी मी अजिबात सहमत नाही. जे हातात घेतलं नाही ते हातात घेतल्यासारखं लिहायचं नाही. नियम साधा आहे: मजकुरात मूळ अहवालाचं नाव घ्या, त्यापुढे 'उद्धृत' लिहून ज्या पुस्तकात वाचलं त्याचं नाव, वर्ष, पान द्या, आणि सूचीत फक्त ते पुस्तक घाला. साखळी लांब असेल, म्हणजे उर्दू अहवाल, त्यावरून इंग्रजी पुस्तक, आणि तुम्ही वाचला त्या इंग्रजीचा मराठी अनुवाद, तर ती साखळी एका वाक्यात उघड सांगा. मधल्या कुणी फसलीचं रूपांतर चुकवलं असेल, तर 'उद्धृत' लिहिल्यानं ती चूक कुठं झाली हे पुढच्याला शोधता येईल. न लिहिल्यास ती चूक तुमची होईल, आणि मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी "हा अहवाल कुठं पाहिलात?" असं विचारलं की उत्तर राहणार नाही.

"कोण तपासतं?" या प्रश्नात थोडं तथ्य आहे, हे कबूल करायला हवं. साम्य मोजणारं सॉफ्टवेअर शब्दांचं साम्य मोजतं. न पाहिलेला कागद पाहिला म्हणून लिहिलेला त्याला ओळखू येत नाही. पण प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, जातो. उद्या उदगीरचा किंवा हिंगोलीचा एखादा मुलगा तुमच्यावर विश्वास ठेवून तो संदर्भ तसाच उचलेल. तो तुम्हाला तपासणार नाही, म्हणून तर तुमची जबाबदारी वाढते.

अशी 'उद्धृत' नोंद प्रबंधात एखाद-दुसरी असेल तर काळजी करू नका. पण एखादं प्रकरण त्याच एका अहवालावर उभं असेल, तर मात्र मूळ गाठा. हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात संस्थानाचे कागद आहेत. जाण्याआधी पत्र पाठवून आपल्या विषयाचं साल आणि खातं कळवा. उर्दू येत नाही म्हणून थांबू नका. निजामाच्या काळात शाळेत उर्दू शिकलेली माणसं आपल्याकडे अजून आहेत, बीडला आणि परभणीला उर्दूचे प्राध्यापक आहेत. त्यांच्याकडून वाचून घ्या आणि अवतरणाखाली 'उर्दूवरून अनुवाद' असं लिहून त्यांचं नाव द्या. ते नाव ऋणनिर्देशात गुंडाळू नका. अवतरणाच्या खालीच हवं. आणि मूळ मिळालंच नाही, 'उद्धृत'वरही मन भरत नसेल, तर तो मुद्दा सोडून देणं हाही एक मार्ग आहे. दुष्काळाचा इतिहास एका आकड्यावाचून अडत नाही.

बाकीच्या गोष्टी झटपट सांगते. समितीचा अहवाल आपण अध्यक्षांच्या नावानं ओळखतो, पण लेखक शासन असतं. सुखटणकर समितीचा १९७३चा अहवाल सूचीत 'महाराष्ट्र शासन'खाली जाईल. वाचकाला ओळख पटावी म्हणून मजकुरात समितीचं नाव घ्या. शासनाची त्या एका वर्षातली चार प्रकाशनं असतील तर शीर्षकांच्या अकारविल्हे क्रमानं १९७३अ, १९७३ब अशी अक्षरं द्या, आणि हे काम अगदी शेवटी करा, नाहीतर मध्येच एक नवा अहवाल सापडला की सगळ्या प्रकरणांतली अक्षरं सरकतात. गावांची आणि संस्थांची नावं कागदावर आहेत तशीच ठेवा. जुन्या गॅझेटिअरवर बीडचं नाव 'भीर' असेल तर सूचीत भीरच राहील. जुन्या पुस्तकाचं प्रकाशनस्थळ औरंगाबाद असेल तर ते औरंगाबादच. १४ जानेवारी १९९४च्या आधीच्या प्रबंधावर 'मराठवाडा विद्यापीठ' असतं, तिथं आजचं पूर्ण नाव घालू नका. आजचं नाव हवं तर चौकोनी कंसात.

नावं उलटी करतानाही जपा. परभणीचे लेखक बी. रघुनाथ म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी. रघुनाथ हे त्यांच्या वडिलांचं नाव. संदर्भाचं सॉफ्टवेअर त्याला आडनाव समजून 'रघुनाथ, बी.' करून टाकतं. टोपणनाव न उलटता अख्खं ठेवायचं आणि नोंद 'ब'खाली लावायची. झोटेरो या संदर्भाच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव एकाच रकान्यात भरलं की ते असं अख्खं राहतं. विचारवंत नरहर कुरुंदकर १९८२ साली गेले आणि त्यांचे कितीतरी लेख आणि भाषणं पुढे पुस्तकांत आली. नुसतं पुस्तकाचं वर्ष लिहिलं तर वाचकाला वाटेल की त्यांनी ते तेव्हा लिहिलं. म्हणून मूळ लेखाचं किंवा भाषणाचं वर्ष आणि पुस्तकाचं वर्ष, अशी दोन्ही मध्ये तिरकी रेघ देऊन लिहावीत. तुमच्याकडे संतांच्या रचना असतील तर पान नव्हे, अध्याय आणि ओवीक्रमांक द्या, आणि कुठल्या संपादकाची प्रत वापरली ते पहिल्यांदा सांगा, कारण प्रतीगणिक क्रमांक बदलतात. अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांची पासोडी आहे, कापडावर लिहिलेली. तिचा संदर्भ देताना पान कुठून आणणार? तिथं साधन म्हणजे कापड, ते कुठं ठेवलंय ते ठिकाण आणि तुम्ही बघितल्याची तारीख, एवढं लिहिलं की पुरे.

आता सरांशी बोलायचं कसं. सर खोटं करायला सांगतायत असं मला वाटत नाही. त्यांनी स्वतःचा प्रबंध लिहिला तेव्हा तळटीपा होत्या, 'तत्रैव' (म्हणजे 'वरच्याच ठिकाणी') होतं, आणि अडलेली गोष्ट पानाच्या तळाशी चार ओळींत सांगून टाकता येत होती. लेखक–वर्ष पद्धतीत ती सोय गेली असं त्यांना वाटत असावं. ती गेलेली नाही. संदर्भ कंसात आणि खुलासा टीपेत, हे या पद्धतीत चालतं. ही गोष्ट त्यांना सांगा, त्यांनाही मोकळं वाटेल.

त्यांच्याकडे "काय करू?" असं विचारत जाऊ नका. एक-दोन पानं टाइप करून न्या. त्यांत एक ओवी, एक मुलाखत, ती पुस्तिका आणि फसली अहवाल, चौघांच्या नोंदी वर सांगितल्याप्रमाणे तयार असू द्या. आणि "सर, असं केलंय, आपल्या विभागाला चालेल ना?" एवढंच विचारा. समोर तयार नोंद असली की होकार देणं सोपं जातं. त्याचबरोबर प्रबंधाच्या सुरुवातीला 'संदर्भांविषयी' म्हणून अर्ध्या पानाचं टिपण घाला: मौखिक साधनांत पहिलं नाव आधी घेतलं आहे, चौकोनी कंसातली वर्षं अंदाजाची आहेत, फसली सनाचं रूपांतर असं केलं आहे, मुलाखतींना क्रमांक का दिले आहेत. परीक्षक ते टिपण आधी वाचतात. सर तरीही अडले, तर विभागप्रमुखांना किंवा संशोधन समितीला हे टिपण दोघांनी मिळून दाखवू या, असं सुचवा. म्हणजे सरांच्या विरोधात गेल्यासारखं होणार नाही.

माझ्या मते सुरुवात त्या पुस्तिकेपासून करा, कारण त्या कामासाठी बाहेर पडावं लागणार आहे. तालुक्याची वाचनालयं पुष्कळदा सकाळी आणि संध्याकाळीच उघडी असतात, तेव्हा आधी फोन करा. झेरॉक्स सोबत न्या, शिक्क्याच्या पानावर खूण घालून. आणि नोंदवहीतली ओळ सापडली की परवानगी घेऊन तिचा फोटो काढा. तुमच्या टीपेत 'दाखल नोंदवही, क्रमांक अमुक' असा तिचाही संदर्भ येणार आहे.